जुन्या बसच्या हेडलाइटला रिले कसा बसवायचा: वायरिंगला पहिल्यांदाच हात लावणाऱ्यांसाठी

जुनी बस विकत घेतली की इंजिन, टायर, पाटे सगळे बघतात, वायरिंगकडे कुणी बघत नाही. मग रात्री अक्कलकोट रोडला गाडी निघते आणि हेडलाइट पिवळट, दिवटीसारखे लागतात. डिपर मारला की स्टिअरिंगखालून जळक्या बेकलाइटचा वास येतो. गॅरेजमध्ये सल्ला ठरलेला: ‘बल्ब जास्त वॅटचा टाका.’ तो ऐकू नका. बल्बपर्यंत पोचायला हवा तेवढा करंट वाटेतच अडकतोय, आणि मोठा बल्ब टाकला की तो आणखी जास्त अडकतो.

वाट कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. बॅटरीवरून डॅशबोर्डच्या अँपिअर मीटरला, तिथून इग्निशन स्विच, फ्यूज, लाइटचा स्विच, डिपर, आणि मग खाली उतरून पुढच्या दिव्याला. पंधरा मीटर वायर सहज होते. ती दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर सहा अँपिअरला नुसत्या तांब्यातच एक व्होल्टच्या वर जातो. त्यात वीस वर्षं झिजलेले स्विचचे पॉइंट (आतल्या, करंट जोडणाऱ्या टिकल्या) आणि गंजलेल्या फ्यूजच्या पट्ट्या आहेतच. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो बसवला की बल्बचा करंट बॅटरीवरून जाड वायरने थेट पुढे येतो, आणि जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो. त्या इशाऱ्याला ०.०८ अँपिअरच्या आसपास करंट पुरतो.

१. गाडी १२ ची की २४ ची?

दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्ट, असं धरून चालू नका. एका बॅटरीच्या प्लसपासून दुसरीच्या मायनसला जोड असेल तर २४. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडले असतील तर १२. मोठ्या बस बहुतेक २४ च्या, छोट्या मिनीबस बहुधा १२ च्या. तरी मल्टिमीटर लावून खात्री करा. पुढचे सगळे आकडे २४ व्होल्टचे आहेत. १२ च्या गाडीत तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट होतो, त्यामुळे वायर आणि फ्यूज त्या हिशेबाने वाढवावे लागतात.

बल्बचा हिशेब सोपा आहे. २४ व्होल्टचा एच-४ बल्ब ७५/७० वॅटचा असतो: अप्परला (लांबचा उजेड) ७५, डिमला (जवळचा उजेड) ७०. डिमला दोन्ही मिळून १४० वॅट, म्हणजे पावणेसहा अँपिअर. अप्परला १५० वॅट, म्हणजे सव्वासहा.

२. आधी मोजा

ही पायरी गाळून थेट रिले आणायला पळणारे जास्त. बल्बऐवजी अर्थच (बल्बपासून चेसीमार्गे बॅटरीच्या मायनसला परत जाणारी वाट) खराब असेल तर चार रिले लावूनही उजेड वाढत नाही, म्हणून मोजणं आधी.

गाडी चालू करा, रेस थोडी वाढवून धरा आणि हेडलाइट लावा. आता चार मापं घ्या:

- बॅटरीच्या प्लस-मायनसवर: २७.५ ते २८.५ व्होल्ट यायला हवेत.
- बल्बच्या सॉकेटवर, डिमच्या पिनेपासून सॉकेटच्याच अर्थ पिनेपर्यंत.
- बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लस पिनेपर्यंत. हा प्लसच्या वाटेवरचा तोटा.
- बल्बच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. हा अर्थचा तोटा. ०.३ च्या वर गेला तर आधी अर्थ दुरुस्त करा.

सॉकेट बल्बला लावलेलंच ठेवा आणि मीटरची सुई मागून वायरच्या कडेने आत सरकवा. सॉकेट काढून मोजलं की करंट वाहत नाही, तोटा दिसत नाही, आणि मीटर पूर्ण २८ दाखवून फसवतो. नवशिके सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

समजा बॅटरीवर २७.८ आहेत आणि बल्बवर २४.५. सव्वातीन व्होल्ट गेले, ऐकायला किरकोळ वाटतं. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. १२ टक्के व्होल्टेज कमी झालं की साधारण एक तृतीयांश उजेड गेला. आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर अंधारात कडेने दिंडी चालली असेल, तेव्हा हा एक तृतीयांश उजेड किती मोलाचा ते ड्रायव्हरला विचारा.

पहिल्या मापात २९ च्या वर आकडा आला तर थांबा. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. वायरिंगमध्ये व्होल्टेज गळत होतं म्हणूनच बल्ब आजवर टिकले. रिले बसवून ती गळती थांबवलीत की चार दिवसांत दोन्ही बल्ब उडतील आणि नाव रिलेचं खराब होईल. आधी चार्जिंग ठीक करा.

३. रिले हातात घेऊन ओळखा

चार किंवा पाच पिनांची काळी डबी. पिनांजवळ आकडे इंग्रजीत छापलेले असतात:

- ८५ आणि ८६: आतल्या कॉइलची दोन टोकं
- ३०: बॅटरीकडून येणारा करंट
- ८७: बल्बकडे जाणारा करंट
- ८७ए: पाच पिनांच्या रिलेत मधली पिन. रिले बंद असताना ही ३० ला जोडलेली असते.

वायरमनला घोळात टाकते ती ही मधली पिन. चुकून बल्ब ८७ए वर गेला तर स्विच बंद केल्यावर दिवे लागतात, आणि सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या असतात. त्यात आणखी गंमत अशी की काही पाच पिनी रिलेत मधली पिनही साधी ८७ असते, दोन वायरी काढायच्या सोयीसाठी. छापील आकृती पुसली असेल तर मीटर बीपवर ठेवून बघा: कॉइलला करंट नसताना ३० आणि मधली पिन बीप देत असतील तर ती ८७ए. हेडलाइटला चार पिनी रिले घ्या, हा घोळच नको.

दुकानात ‘२४ व्होल्टचा’ असं ठणकावून सांगा आणि डबीवर वाचून घ्या. १२ चा रिले २४ वर लावला की टकटक व्यवस्थित करतो, दिवेही लागतात. पण कॉइलमध्ये चौपट उष्णता तयार होते आणि काही दिवसांत ती जळते. डबीवरचं छापील पटत नसेल तर ८५-८६ मध्ये ओहम मोजा. २४ च्या रिलेत साधारण २५० ते ४०० ओहम येतात, १२ च्यात शंभराच्या आत.

अँपिअरचा आकडाही बघा. जो पॉइंट १२ व्होल्टला ४० अँपिअर तोडतो तो २४ ला तेवढे तोडू शकत नाही, कारण जास्त व्होल्टेजला ठिणगी लांब ओढली जाते आणि उशिरा विझते. २४ साठी २० अँपिअर लिहिलेला रिले आपल्या सहा अँपिअरला भरपूर आहे.

कॉइलला समांतर डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले मिळाला तर तोच घ्या. कॉइल बंद होताना व्होल्टेजचा जो झटका उसळतो तो याने दबतो, आणि जीपीएस, म्युझिक सिस्टिम वाचतात. डायोडवाल्यात मात्र प्लस ८६ ला आणि अर्थ ८५ ला, यात उलटसुलट चालत नाही. उलट झालं की डायोड फुटतो किंवा फ्यूज जातो.

४. सामान आणि कागद

- २४ व्होल्टचे चार पिनी रिले: २ लावायला, १ जवळ ठेवायला
- रिलेचे बेस, वायरीसकट: २
- ब्लेड फ्यूज होल्डर: मेनसाठी १, बल्बसाठी ४
- फ्यूज: २० अँपिअरचे २, साडेसातचे ८
- वायर: चारची लाल ६ ते ८ मीटर (बॅटरीपासून पुढपर्यंत दोरी लावून मोजा), अडीचची दोन रंगांत आणि काळी, एकची इशाऱ्यासाठी
- वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे तांब्याचे लग आणि थिंबल, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) स्लीव्ह, पत्र्याच्या भोकात बसणारे रबरी ग्रोमेट, खाचांचा फ्लेक्झिबल पाइप, केबल टाय
- क्रिम्पिंगची पक्कड, मल्टिमीटर, २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, वॅसलीन

वायर ऑटो वायरच घ्या, बारीक तारांची. घरातली जाड तारांची वायर हादऱ्याने तुटते. लालच्या नावाखाली हिरवी मिळाली तरी घेऊन येऊ नका, पुढच्या माणसाचे हाल होतात.

कागदात गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर उत्तम. शिवाय फिटनेस आणि विम्याच्या तारखा बघून ठेवा. पासिंग जवळ आलं असेल तर काम आधी उरका आणि हेडलाइटचा फोकस लावून घ्या. उजेड वाढल्यावर वाकडा फोकस जास्त खुपतो. १०० वॅटचे बल्ब किंवा प्रेशर हॉर्न घालायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढा. पासिंगला गाडी अडते, आणि मोठ्या बल्बने होल्डर वितळतो तो वेगळाच.

५. जुनी वायर शोधा, नकाशा काढा

हेडलाइटच्या मागे तीन वायरी येतात. टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थला लावून डिम आणि अप्परची वायर ओळखा, चिठ्ठी बांधा आणि वहीत रंग लिहा. फोटो काढा, पण त्यावर विसंबू नका. धुळीत माखलेल्या वायरीचा रंग फोटोत कळत नाही.

सॉकेट काढून, लाइट लावून बघितल्यावर एकाच वायरीला कायम प्लस दिसत असेल आणि बाकी दोन्हींवर डिम-अप्पर बदलताना काहीच होत नसेल, तर त्या गाडीचा स्विच प्लसऐवजी मायनस तोडतो. जपानी रचनेच्या काही गाड्यांत असं असतं. तिथे कॉइलचं ८६ कायम प्लसला आणि ८५ स्विचच्या वायरीला येतं. बाकी जोडणी तीच.

सोलापूरचा उन्हाळा वायरीच्या इन्सुलेशनला सोडत नाही. इंजिनच्या पेटीजवळची वायर दोन बोटांत वाकवून बघा. कडक भाकरीसारखी कट्कन तडकली तर तेवढा तुकडा रिलेच्या इशाऱ्यासाठीही वापरू नका, बदला. तडकलेल्या जागी तांबं काळं पडलेलं दिसलं तर काळा भाग संपून लाल तांबं लागेपर्यंत कापत जा.

६. रिलेची जागा

रिले दिव्यांच्या जवळ पाहिजे. डॅशबोर्डखाली सोपं पडतं म्हणून तिथे लावला तर जाड वायरीचा फायदा निम्मा वाया जातो. पुढच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, पाणी थेट उडणार नाही आणि इंजिनच्या पेटीची धग लागणार नाही अशी जागा बघा. पिना खाली राहतील असा उभा लावा. पिना वर ठेवल्या तर पावसाळ्यात पाणी बेसमध्ये साचतं, पिना हिरव्या पडतात, आणि दोष बल्बला दिला जातो.

७. जोडणी

बॅटरीचा मायनस आधी सोडा. जोडताना तो सगळ्यात शेवटी. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. प्लसवर पाना असताना तो चेसीला लागला तर वेल्डिंगसारखी ठिणगी पडते.

*मेन वायर.* कट-ऑफ स्विच (बॅटरी तोडणारा मेन स्विच) प्लसवर असेल तर त्याच्या गाडीकडच्या टोकावरून घ्या, म्हणजे कट-ऑफ फिरवला की ही वायरही मेली पाहिजे. तिथून वीतभर अंतराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज पुढे रिलेजवळ लावणं ही सगळ्यात धोक्याची चूक आहे. मधली सहा मीटर वायर कुठे घासून चेसीला लागली तर तिला वाचवणारं कुणीच नसतं, आणि बसला आग अशीच लागते. फ्यूजपासून चारची वायर पाइपात घालून चेसीच्या कडेने पुढे न्या. दर फुटाला टाय, पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट. सायलेन्सर, डिझेलचे पाइप आणि हलणाऱ्या रॉडपासून लांब. पुढे आल्यावर ती दोन फाट्यांनी दोन्ही रिलेच्या ३० ला.

*इशारा.* डिमची जुनी वायर एका रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला. डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा जुन्या वायरीवरच राहू द्या. डाव्या-उजव्या बल्बकडे जाणारे जुने फाटे तोडून टोकं स्लीव्हने बंद करा. एक जरी फाटा राहिला तर करंट उलटा फिरून रिले स्वतःलाच धरून ठेवतो आणि दिवे बंदच होत नाहीत.

*बल्बकडे.* प्रत्येक रिलेच्या ८७ वरून दोन वायरी, प्रत्येकीला साडेसातचा वेगळा फ्यूज, मग एक डाव्या बल्बला, एक उजव्याला. एकाच फ्यूजवर दोन्ही बल्ब टाकून दोन होल्डर वाचवू नका. डावीकडची वायर घासली तर उजवा दिवा तरी जळत राहिला पाहिजे. भर रात्री तुळजापूरच्या घाटात दोन्ही एकदम गेले तर काय होईल, याचा विचार होल्डरच्या किमतीशी करून बघा.

*अर्थ.* बसची बॉडी पत्रा, रिव्हेट, ॲल्युमिनिअम, मध्येच प्लायवूड अशी असते. पुढच्या पत्र्याला स्क्रू मारून केलेला अर्थ वर्षभरात सैल होतो. दोन्ही दिव्यांच्या अडीचच्या काळ्या वायरी थेट चेसीवर न्या. रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, दातेरी वॉशर टाकून नट आवळा, वरून वॅसलीन. रिलेचे ८५ वेगळ्या लगने तिथेच. इंजिन ते चेसी ही पट्टी किंवा केबलही याच वेळी बघा. ती तुटकी असेल तर नव्या कामाचा उपयोग नाही.

*लग दाबताना.* पक्कड खास क्रिम्पिंगचीच. साध्या पक्कडीने चेपलेला लग दिसतो घट्ट, पण आत हवा राहते. दाबून झाल्यावर वायर धरून जोराने ओढा. निघाली तर तुमच्या हातात निघाली, रस्त्यात नाही. पिळून वर काळी टेप लावण्याची पद्धत सोडा. मे महिन्यात टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि उघडं तांबं उरतं.

८. तपासणी

फ्यूज न घालता मायनस जोडा. आधी फक्त इशारा तपासा: स्विच टाकला की ज्या त्या रिलेचा ‘टक्’ आवाज यायला हवा. मग मेन फ्यूज, मग बल्बचे एकेक. गाडी चालू करून दुसऱ्या पायरीतली चारही मापं पुन्हा घ्या. प्लसच्या वाटेवर अर्ध्या व्होल्टच्या आत आणि अर्थवर ०.२ च्या आत तोटा आला की काम जमलं. पंधरा मिनिटं दिवे चालू ठेवून प्रत्येक फ्यूज होल्डर, रिले, लग हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर तो जोड सैल आहे.

रिले किर्रर्र करत असेल तर ८६ वर व्होल्टेज कमी पोचतंय किंवा ८५ चा अर्थ कच्चा आहे. ‘टक्’ येतो पण दिवा लागत नाही, तर ३० वर करंट आहे का बघा, मग ८७ वर. ३० वर आहे आणि ८७ वर नाही, म्हणजे आतला पॉइंट जळालाय.

९. बाकी कुठे रिले, कुठे नको

हॉर्नला जरूर. हॉर्नचं बटण बहुतेक गाड्यांत अर्थ देतं, म्हणून ३० आणि ८६ दोन्ही फ्यूजमधून प्लसला, ८५ बटणाला, ८७ हॉर्नला. हॉर्नच्या ठिणगीने पॉइंट कधीतरी चिकटतो आणि हॉर्न वाजतच राहतो. तेव्हा उपटता येईल असा रिले हाताशी ठेवा.

प्रवाशांचे पंखे इग्निशन स्विचवरून चालत असतील तर त्यांचा भार रिलेवर घ्या. चावी गरम होण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

वायपरला साधा रिले लावू नका. त्याच्या मोटरमधला पार्किंगचा स्विच वेगळी वायर मागतो, आणि मग काडी काचेच्या मधोमध थांबते. स्टार्टरच्या सोलेनॉइडला तर या छोट्या डबीचा रिले कधीच नको. पॉइंट चिकटला की चावी सोडली तरी स्टार्टर फिरतच राहतो. त्याला स्टार्टरचाच जड रिले येतो.

आणखी एक सवय मोडायला हवी. टेप, मोबाइल चार्जर, देवापुढच्या दिव्यांच्या माळेसाठी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढतात. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळते, आणि नवी जोडीही लवकर निकामी होते. त्यासाठी २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर सोडा. इंजिन चालू असताना कट-ऑफ फिरवू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

१०. रस्त्यात डिम गेला तर

दोन्ही रिले सारखेच आहेत. अप्परचा उपटून डिमच्या जागी लावा आणि गाडी हाका. जवळचाही रिले संपला असेल तर बेसमधल्या ३० आणि ८७ च्या खाचांत अडीचच्या वायरीचा, दोन्ही टोकांना थिंबल दाबलेला तुकडा लावा. पुढे साडेसातचे फ्यूज आहेतच, त्यामुळे धोका नाही. फक्त या जोडाला स्विच लागू होत नाही, दिवे चालूच राहतात. गाडी उभी केली की तुकडा आठवणीने काढा. तो तुकडा आणि चार फ्यूज डॅशबोर्डच्या खणात एका डबीत ठेवा, आणि डबीच्या झाकणाच्या आत कोणता रिले कशाचा ते लिहून चिकटवा. बस दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात असेल तेव्हा त्याला फोनवर वायरींचे रंग सांगत बसावं लागत नाही.